लायसन्स खिशात आहे, पण आजचं उड्डाण नियमात बसतं का?

प्रश्न असा आहे: "एअर रेग्युलेशनचा पेपर ७० टक्क्यांच्या वर सुटला, सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स) हातात येण्याच्या बेतात आहे. एअरलाइनमध्ये काम करताना यातले नेमके कोणते नियम रोज लागतात? सगळं पुस्तक पाठ ठेवायचं का?"

सगळं पुस्तक पाठ ठेवायची गरज नाही. परीक्षेत अॅनेक्सचे (आंतरराष्ट्रीय हवाई कराराच्या परिशिष्टांचे) क्रमांक आणि सिग्नलच्या दिव्यांचे रंग विचारतात. कामावर मात्र पाच-सहा नियम रोज समोर येतात, आणि त्यातल्या बहुतेकांना एक आकडा असतो. तो आकडा जमिनीवर असतानाच काढून ठेवायचा असतो. वर गेल्यावर, इंधन कमी होत असताना आणि कंट्रोलर बोलत असताना हिशेब मांडायला बसलात तर उत्तर हवं तसंच निघतं. म्हणून खाली नियमांची जंत्री देण्याऐवजी आकडा कसा काढायचा आणि चूक कुठे होते तेवढंच लिहितो. उदाहरणं भारतातली, म्हणजे डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) चौकटीतली आहेत.

आधी नियम राहतो कुठे ते. १९३४ चा एअरक्राफ्ट अॅक्ट आता नाही. १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ लागू आहे. एअरक्राफ्ट रूल्स, १९३७ मात्र पुढे चालू आहेत. त्यांच्याखाली सीएआर (डीजीसीएचे सविस्तर नियम) येतात: लायसन्स आणि ड्यूटीच्या मर्यादा सेक्शन ७ मध्ये, प्रत्यक्ष ऑपरेशन्स सेक्शन ८ मध्ये, सुरक्षा आणि मद्यचाचणी सेक्शन ५ मध्ये. त्यानंतर ऑपरेशन्स सर्क्युलर, आणि सगळ्यात शेवटी तुमच्या कंपनीचं मंजूर ऑपरेशन्स मॅन्युअल. मॅन्युअल सीएआरपेक्षा कडक असू शकतं, सैल कधीच नाही; आणि जिथे ते कडक आहे तिथे तेच तुम्हाला बांधतं. "सीएआरमध्ये तर चालतं" हा बचाव कंपनीच्या चौकशीत टिकत नाही. शिकागो कराराचे अॅनेक्स तुम्हाला थेट लागू होत नाहीत, ते सीएआरच्या वाटेने येतात. भारताने जिथे वेगळी वाट धरली आहे ते फरक एआयपीच्या (देशाच्या अधिकृत हवाई माहिती पुस्तिकेच्या) जेन १.७ या भागात छापलेले असतात. क्लासच्या नोट्स वापरत असाल तर एक सवय लावून घ्या: कोणताही आकडा वापरण्याआधी मूळ सीएआरच्या पहिल्या पानावरची आवृत्ती आणि लागू होण्याची तारीख बघा. ड्यूटीच्या नियमांत गेल्या दोन-तीन वर्षांत इतके बदल झाले आहेत की २०२२ च्या नोट्स आज सरळ चुकीच्या ठरतात.

आता लायसन्स. सीपीएलसाठी २०० तास, त्यात पायलट-इन-कमांड (पीआयसी) म्हणून १००, क्रॉस-कंट्री पीआयसी २०, त्यात किमान ३०० नॉटिकल मैलांचं आणि दोन वेगवेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून केलेलं एक उड्डाण, इन्स्ट्रुमेंटचे १० तास, रात्रीचे ५ तास आणि १० टेक-ऑफ, १० लँडिंग. हे तुम्हाला ठाऊकच आहे. ऑक्टोबर २०२३ च्या दुरुस्तीपासून सीपीएल आणि एटीपीएलची (एअरलाइन कॅप्टनच्या लायसन्सची) मुदत पाच वर्षांवरून दहा वर्षांवर गेली. नवे लोक फसतात ते इथेच. लायसन्सवरची तारीख दहा वर्षांची असली तरी आज उडायची परवानगी तिच्यावर ठरत नाही. क्लास वन मेडिकल, टाइप रेटिंगचा (त्या प्रकारचं विमान उडवण्याच्या परवानगीचा) प्रोफिशिअन्सी चेक, इन्स्ट्रुमेंट रेटिंग, एफआरटीओएल (रेडिओवर बोलण्याचा परवाना), इंग्रजीची पातळी (चौथीला ३ वर्षं, पाचवीला ६, सहावी कायमची) आणि मागच्या ९० दिवसांत त्या टाइपवर ३ टेक-ऑफ, ३ लँडिंग, हे सगळं एकाच वेळी जिवंत लागतं. साखळीतली एक कडी तुटली की विमान तुमच्यासाठी बंद.

मेडिकलची मुदत सर्वसाधारणपणे १२ महिने, वयाची साठी ओलांडल्यावर ६ महिने. एकट्या वैमानिकाच्या प्रवासी उड्डाणात चाळिशीनंतरच ६ महिने होतात. एक साधं उदाहरण घ्या. मेडिकल १४ तारखेला संपतंय आणि १४ ला रात्री २३:०० ची फ्लाइट आहे. निघताना सगळं कायदेशीर, उतरताना तारीख १५. हे उड्डाण घ्यायचं नाही, कारण वैधता चॉक्स (चाकांना लावायचे अडथळे) लागेपर्यंत, म्हणजे विमान जागेवर उभं राहीपर्यंत हवी. रोस्टरचं सॉफ्टवेअर बऱ्याचदा फक्त निघण्याची तारीख तपासतं, म्हणून मुदत संपायच्या आठवड्यात रात्रीच्या फ्लाइट स्वतः चाळा. लॉगबुकमध्ये को-पायलट म्हणून केलेले तास पी-वनच्या (कमांडर म्हणून केलेल्या तासांच्या) रकान्यात ढकलू नका. ईजीसीए या डीजीसीएच्या ऑनलाइन प्रणालीवर नोंदी जुळवून बघितल्या जातात आणि खोटी नोंद सापडली तर नियम १९ खाली लायसन्सच जातं.

एफडीटीएलवर (उड्डाण आणि ड्यूटीच्या वेळेच्या मर्यादांवर) थोडा वेळ थांबू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

फ्लाइट ड्यूटी पिरियड (एफडीपी) तुम्ही रिपोर्ट करता त्या क्षणी सुरू होतो आणि शेवटच्या फ्लाइटनंतर विमान थांबून इंजिनं बंद झाली की संपतो. ड्यूटी त्याहून लांब असते, कारण नंतरची कागदपत्रं तिच्यात येतात. ड्यूटीआधी कंपनीने प्रवासी म्हणून दुसरीकडे नेलं (पोझिशनिंग), तर तो वेळ एफडीपीत धरतात. उड्डाणानंतर परत आणलं, तर तो एफडीपीत नाही, पण ड्यूटीत आहे आणि विश्रांती ठरवताना मोजला जातो. जानेवारी २०२४ च्या सुधारणेने रात्रीची व्याख्या ००:०० ते ०६:०० अशी केली (आधी ती ०५:०० पर्यंत होती), रात्रीला शिवणाऱ्या ड्यूटीसाठी उड्डाणवेळ ८ तास, एफडीपी १० तास आणि लँडिंग २ एवढी मर्यादा घातली आणि साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर नेली. हे दोन टप्प्यांत, जुलै आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालं. डिसेंबर २०२५ मध्ये मोठ्या प्रमाणावर फ्लाइट रद्द झाल्या आणि काही बाबतीत तात्पुरत्या सवलती दिल्या गेल्या. त्यामुळे तुमच्या कंपनीची आज मंजूर असलेली योजनाच प्रमाण माना.

समजा मुंबईहून रात्री २२:३० चा रिपोर्ट आहे. २३:३० ला निघून ०२:१५ ला कोलकाता, ०३:१५ ला परत निघून ०६:१५ ला मुंबई. दोन लँडिंग, उड्डाणवेळ पावणेसहा तास, एफडीपी पावणेआठ तास. कागदावर सगळं निवांत दिसतं. मर्यादा आहे २२:३० अधिक १० तास, म्हणजे सकाळी ०८:३०. आता मागून मोजत या. परतीला ३ तास, मुंबईवर सकाळच्या गर्दीत होल्डिंगची (हवेत घिरट्या घालत थांबण्याची) २० मिनिटं धरा. म्हणजे कोलकात्याहून ०५:१० च्या आत पुशबॅक झालाच पाहिजे. हा ०५:१० चा आकडा ब्रीफिंगलाच फ्लाइट प्लॅनच्या कोपऱ्यात लिहून दोघांनी मान्य करायचा. धुक्यात ०४:५५ ला इंजिनं सुरू झाली आणि टॅक्सीच्या रांगेत पंचवीस मिनिटं गेली, की काय करायचं हे आधीच ठरलेलं असतं. अनपेक्षित परिस्थितीत कमांडरला मर्यादित वाढ घेता येते, क्रूशी बोलून आणि नंतर लेखी कळवून. पण जानेवारीत कोलकात्याचं धुकं टीएएफमध्ये (विमानतळाच्या हवामान अंदाजात) लिहिलेलं असताना त्याला अनपेक्षित म्हणता येत नाही. तसंच मुंबईऐवजी अहमदाबादला डायव्हर्ट व्हावं लागलं तर तिथलं लँडिंग दुसरं ठरेल आणि पुढे मुंबईचं तिसरं. त्या जादा लँडिंगबद्दल तुमच्या योजनेत काय लिहिलंय ते आधी वाचलेलं असू द्या. अहमदाबादच्या बेवर (विमान उभं करायच्या जागेवर) उभं राहून वाचायचा तो मजकूर नाही.

विश्रांतीचा हिशेब याच उदाहरणाने पुढे नेऊ. ०६:१५ ला चॉक्स, ०६:४५ ला ड्यूटी संपली. किमान विश्रांती म्हणजे मागची ड्यूटी जेवढी तेवढी किंवा १२ तास, यातलं जे जास्त ते, इथे १२. पण विमानतळ ते मुक्काम हा प्रवास ड्यूटीतही मोजत नाहीत आणि विश्रांतीतही नाही. तासभर प्रवास असेल तर विश्रांती ०७:४५ ला सुरू, १९:४५ ला पूर्ण, आणि परत तासाभराचा प्रवास धरून पुढचा रिपोर्ट २०:४५. रोस्टर १८:४५ दाखवत असेल तर दोन तास गायब आहेत. तीन किंवा अधिक टाइम झोन ओलांडले तर विश्रांती १४ तास, सातच्या वर गेलात तर ३६.

साप्ताहिक विश्रांतीतली चूक तर नजरेतून सहज निसटते. ४८ तासांत दोन स्थानिक रात्री यायलाच हव्यात, आणि स्थानिक रात्र म्हणजे २२:०० ते ०८:०० या दरम्यानचे सलग ८ तास. सोमवारी पहाटे ०१:०० ला मोकळे झालात आणि बुधवारी पहाटे ०१:०० ला बोलावलं, तर ४८ तास भरले. पण सोमवारच्या पहाटेचे ०१:०० ते ०८:०० हे सातच तास. पूर्ण रात्र मिळाली ती फक्त सोमवार-मंगळवारची. मंगळवार-बुधवारच्या रात्रीचे तीनच तास. एकच रात्र मिळाल्यामुळे ही साप्ताहिक विश्रांती धरली जात नाही. बुधवारी ०६:०० च्या आधी रिपोर्ट नको. शिवाय एक साप्ताहिक विश्रांती संपल्यापासून पुढची सुरू होईपर्यंत १६८ तासांपेक्षा जास्त अंतर चालत नाही. एकूण उड्डाणाच्या मर्यादा, ७ दिवसांत ३५ तास आणि ३६५ दिवसांत १०००, सॉफ्टवेअर सहसा बरोबर सांभाळतं. स्थानिक रात्री मात्र स्वतः बोटांवर मोजा.

आकडे जमले तरी थकलेल्या वैमानिकाने उडू नये हाही नियमच आहे, आणि तो पाळायची जबाबदारी तुमच्यावर टाकलेली आहे. थकवा कळवायचा तर रिपोर्टच्या आधी, लेखी, ठरलेल्या फॉर्मवर कळवा. फोनवर शेड्यूलरला "जरा बरं वाटत नाही" सांगितलं तर ती आजारपणाची रजा म्हणून नोंदली जाते आणि त्या रोस्टरचा दोष कुठेच उरत नाही.

इंधन. टॅक्सी, ट्रिप, कंटिंजन्सी (अनपेक्षित खर्चासाठी), ऑल्टरनेट (पर्यायी विमानतळापर्यंतचं), फायनल रिझर्व्ह (शेवटचा राखीव साठा). कंटिंजन्सी म्हणजे ट्रिप इंधनाच्या ५ टक्के, पण गंतव्याच्या १५०० फुटांवर ५ मिनिटं होल्डिंगला लागेल त्याहून कमी नाही. फायनल रिझर्व्ह जेटला ३० मिनिटं, पिस्टनला ४५. समजण्यापुरते आकडे घेऊ: होल्डिंगमध्ये ताशी २४०० किलो जाळणारं विमान. दिल्ली-मुंबईची ट्रिप ४८०० किलो धरली तर ५ टक्के २४०; पाच मिनिटांचे २००, म्हणून २४० घ्यायचे. मुंबई-गोव्याची १९०० धरली तर ५ टक्के फक्त ९५ होतात, म्हणून २०० घ्यायचे. छोट्या सेक्टरवर ही तळाची अट विसरली जाते. फायनल रिझर्व्ह १२०० किलो. हा आकडा उतरल्यावर टाकीत असायला हवा. वाटेत खर्चायचा तो साठा नाही.

पावसाळ्यात मुंबईवर होल्डिंग लागलं की शब्द महत्त्वाचे. एकाच विमानतळावर उतरायचं पक्कं झालं आणि मिळालेल्या क्लिअरन्समध्ये थोडाही बदल झाला तर फायनल रिझर्व्हला हात लागेल, अशी वेळ आली की "मिनिमम फ्युएल" म्हणायचं. ही आणीबाणी नाही, याने प्राधान्य मिळत नाही. कंट्रोलरला एवढंच कळतं की आता उशीर परवडणार नाही. जवळच्या सुरक्षित विमानतळावर उतरताना इंधन फायनल रिझर्व्हपेक्षा कमी राहील असा हिशेब निघाला, की "मेडे मेडे मेडे फ्युएल". या दोनांखेरीज "इंधन कमी आहे", "थोडं लवकर घ्या" अशी बोलणी कंट्रोलरच्या कानाला काहीच सांगत नाहीत. २५ जानेवारी १९९० रोजी न्यूयॉर्कजवळ आव्हियांकाचं ५२ क्रमांकाचं विमान इंधन संपून पडलं आणि ७३ माणसं गेली. क्रूने प्राधान्य मागितलं होतं, पण आणीबाणी कधीच जाहीर केली नाही.

अॅप्रोच बॅन समजायला सोपा आहे, पाळायला कठीण. आरव्हीआर (धावपट्टीवर किती अंतरापर्यंत दिसतं तो आकडा) किमान मर्यादेपेक्षा कमी असेल तर विमानतळाच्या उंचीपासून १००० फुटांच्या खाली जायचं नाही. १००० फूट ओलांडल्यावर आरव्हीआर घसरला तर डिसिजन हाइटपर्यंत (उतरायचं की नाही ते ठरवायच्या उंचीपर्यंत) पुढे जाता येतं. कॅट वनला (कमी दृश्यतेत उतरण्याच्या पहिल्या श्रेणीला) २०० फूट आणि ५५० मीटर धरा. ११०० फुटांवर ५०० मीटर कळला तर गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर. ९०० फुटांवर ४०० मीटर कळला तर २०० फुटांपर्यंत जा, आणि तिथे हवे ते दिवे दिसले तरच उतरा. दिल्लीच्या धुक्यात गोंधळ वेगळ्याच ठिकाणी होतो: धावपट्टी कॅट थ्री, विमान कॅट थ्री, कमांडर कॅट थ्री, पण को-पायलटचं प्रशिक्षण अपुरं, किंवा टेक लॉगमध्ये (विमानाच्या तांत्रिक नोंदवहीत) विमानाची श्रेणी कॅट वनवर आणलेली. या चौघांत जो सगळ्यात खालचा, तीच तुमची मर्यादा.

याला जोडूनच स्टॅबिलाइज्ड अॅप्रोच. ढगात १००० फुटांवर, उघड्या हवेत ५०० फुटांवर विमान स्थिर झालेलं हवं. अनेक कंपन्या सरसकट १००० च ठेवतात. वेग, उतरण्याचा दर, फ्लॅप, गिअर, थ्रस्ट यातलं एकही जागेवर नसेल तर गो-अराउंड. मंगळुरूला २२ मे २०१० रोजी १५८ जण गेले आणि कोळिकोडला ७ ऑगस्ट २०२० रोजी २१. दोन्ही चौकशांत तेच निघालं: अस्थिर अॅप्रोच पुढे रेटला गेला आणि कॉकपिटमध्ये "गो अराउंड" म्हटलं गेलं असूनही विमान उतरवलं गेलं. कॉल देऊन को-पायलटचं काम संपत नाही. कॉलला प्रतिसाद नसेल तर कंट्रोल केव्हा आणि कोणत्या शब्दांत घ्यायचा हे कंपनीच्या एसओपीत लिहिलेलं असतं. ते वाक्य मात्र शब्दन् शब्द पाठ करा, आणि ब्रीफिंगमध्ये मोठ्याने म्हणा.

टीसीएएसचा (टक्कर टाळणाऱ्या उपकरणाचा) आरए (वर किंवा खाली जायची सूचना) आला तर एटीसीचं (कंट्रोलरचं) ऐकायचं नाही. पहिल्या आरएला ५ सेकंदांत, दिशा उलटली किंवा जोर वाढला तर अडीच सेकंदांत प्रतिसाद. "टीसीएएस आरए" एवढंच बोला. "क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट" आल्यावर दिलेल्या क्लिअरन्सवर परत जात असल्याचं सांगा. १२ नोव्हेंबर १९९६ ला चरखी दादरीवर दोन विमानं धडकून ३४९ माणसं गेली आणि त्यानंतर भारतात हे उपकरण सक्तीचं झालं. १ जुलै २००२ ला जर्मनीतल्या युबरलिंगेनवर दोन्ही विमानांत हे उपकरण होतं. एका क्रूने आरए पाळला, दुसऱ्याने कंट्रोलरचं ऐकलं; ७१ जण गेले.

मद्याबद्दल थोडक्यात: उड्डाणाआधी १२ तास काही नाही, आणि चाचणीचा आकडा ०.००० लागतो. बारा तास पाळले तरी जास्त प्यायलेलं उतरतंच असं नाही, म्हणून तासांवर विसंबू नका. उड्डाणाआधीच्या चाचणीत पहिल्यांदा सापडलात तर लायसन्स ३ महिने निलंबित, दुसऱ्यांदा ३ वर्षं, तिसऱ्यांदा रद्द. अल्कोहोल असलेला माउथवॉश, टूथ जेल, खोकल्याचं औषध, सगळंच वर्ज्य आहे. हाताला सॅनिटायझर लावून लगेच नळी धरली तरी आकडा वर जाऊ शकतो. हात वाळू द्या.

गोंदिया, बारामती, धुळे इथल्या फ्लाइंग स्कूलमध्ये उड्डाणाचे तास भरणाऱ्यांसाठी दोन गोष्टी, कारण एअरलाइनच्या डिस्पॅचमध्ये त्या आपोआप होतात आणि तुम्हाला स्वतः कराव्या लागतात. क्रॉस-कंट्रीला फ्लाइट प्लॅनसोबत एफआयसी (उड्डाण माहिती केंद्राचा) आणि एडीसी (हवाई संरक्षणाच्या मंजुरीचा) क्रमांक घेतल्याशिवाय निघू नका. एडीसी म्हणजे हवाई दलाला तुमची ओळख. पुणे हवाई दलाचं आणि दाभोळी नौदलाचं विमानतळ आहे, तिथलं एटीसी लष्करी आहे, आणि त्यांच्या वेळा, बंदी आणि कवायतींचे नोटॅम (वैमानिकांसाठीच्या सूचना) रोज बदलतात. दुसरं, भारतात व्हीएफआर (बाहेर बघून केलेलं) उड्डाण एफएल १५० (सुमारे १५,००० फूट) च्या वर आणि सूर्यास्त ते सूर्योदय करता येत नाही. स्थानिक उड्डाणाला एटीसीने सवलत दिली असेल तर गोष्ट वेगळी. परतीच्या लेगला उशीर झाला की हीच अट आडवी येते, म्हणून सूर्यास्ताची वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाण वेळेत) काढून, त्यातून परतीचा पूर्ण वेळ आणि वर अर्धा तास वजा करून, निघायची शेवटची वेळ गुडघ्यावरच्या पॅडवर लिहा. भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करताना झालेली चूक या हिशेबात सगळ्यात जास्त आढळते.

आणि काही घडलंच तर: अपघात किंवा गंभीर घटना डीजीसीए आणि एएआयबीला (विमान अपघातांची चौकशी करणाऱ्या संस्थेला) लवकरात लवकर, फार तर २४ तासांत कळवायची असते. कंपनी कळवेलच, पण कमांडरचा लेखी अहवाल वेगळा लागतो. बऱ्याच विमानांत कॉकपिट व्हॉइस रेकॉर्डर फक्त शेवटचे दोन तास ठेवतो. बेवर वीज चालू ठेवून चर्चा करत बसलात तर नेमका हवा तो भाग पुसला जातो. म्हणून प्रवासी उतरल्यावर, कंपनीच्या पद्धतीप्रमाणे, रेकॉर्डरचा सर्किट ब्रेकर खेचा, टेक लॉगमध्ये वेळेसकट नोंद करा, आणि पुढच्या क्रूने किंवा इंजिनिअरने तो परत दाबू नये म्हणून त्यावर टॅग लावा.